उपरण्याखालचा भाव

७ जानेवारी १९७४, सोमवार

आज सकाळी बँकेच्या खिडकीच्या गजाला म्हैस बांधलेली होती.

कासारवाडीला नाशिककडची एस.टी. उशिरा मिळाली, म्हणून मी धावतपळत चाकणला पोचलो, तर बँकेसमोर ही गर्दी! आत नानासाहेब खुर्चीला चिकटून बसलेले. नानासाहेब म्हणजे आमचे शाखाधिकारी. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि ती एकाही कागदाला सुरकुती न पडता जावीत, एवढीच त्यांची देवाकडे मागणी. मला पाहताच म्हणाले, "विलास, शेतीकर्जाचं टेबल तुमचं आहे. बाहेर बघा."

म्हशीशेजारी सोजरबाई उभी होती, कमरेवर हात ठेवून. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. जमीन गुंठाभरही नाही, नवरा भिवा पिंपरीच्या एका कंपनीत हेल्पर. दोन महिन्यांपूर्वी आम्हीच तिला भूमिहीनांच्या योजनेतून ही म्हैस दिली. कंपन्यांच्या कॉलन्यांत दुधाला मागणी आहे, एका म्हशीच्या दोन करीन, दोनाच्या चार करीन, असं तेव्हा तिनं मला हिशेब मांडून सांगितलं होतं.

"साहेब, ही तुमची म्हस. तुमीच संबाळा. दूध वाटीभर देती आन् लाथा पोटभर."

"अहो बाई, म्हैस तुमची आहे. बँकेनं फक्त कर्ज दिलंय."

"माजी? म्या कवा निवडली? म्या कवा भाव केला? दावणीला आणून बांदली तवा पयल्यांदा त्वांड बगितलं तिचं. आवो, लग्नात नवरा तरी आदी दाखवत्यात."

लोक खो-खो हसले. मीही हसलो आणि मग स्वतःचाच राग आला. बाई अक्षरन् अक्षर खरं बोलत होती. गरिबाच्या हातात पैसे दिले तर तो खाऊन टाकील, असं बँकेचं ठाम मत. म्हणून आमची खरेदी समिती जनावर निवडते, व्यापारी कागदावर भाव लिहून देतो, त्याला आम्ही 'कोटेशन' म्हणून टाचणी लावतो आणि चेक थेट व्यापाऱ्याला. गरिबाच्या हाती येतं ते दावं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काय असेल ते त्याचं नशीब. बँका सरकारी झाल्या त्या काय यासाठी?

समितीतले चिमाजीराव, म्हणजे बाजारातले दलालच, दुपारी आले. एवढ्या लोकांदेखत तमाशा नको म्हणून म्हैस मुकाट्यानं घेऊन गेले, व्यवहार रद्द झाला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भावा, नवा हाईस. शिकशील." पाठ अजून खाजते आहे.

१० जानेवारी, गुरुवार

पुण्याच्या विभागीय कार्यालयाला टिपण लिहिलं. साधी मागणी: कर्जाचे पैसे रोख, कर्जदाराच्या स्वतःच्या हातात द्या. तिला बाजारात जाऊ द्या, जनावर तिला निवडू द्या, भाव तिला करू द्या. कोटेशन बंद, समिती बंद. भाषा जरा तिखट झाली. 'ही पद्धत गरिबांसाठी नसून व्यापाऱ्यांसाठी आहे' हे वाक्य नानासाहेबांनी पेन्सिलीनं खोडलं. मी ते पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा मी शाईनं लिहिलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले.

"शिफारस करणार का?" मी विचारलं.

"मी फक्त पुढे पाठवतो. शिफारस करणारा माणूस लक्षात राहतो, विलास."

असे अधिकारी असल्यावर देश कशाला पुढे जातोय! मात्र टिपण आजच्याच टपालात गेलं. शिपाई म्हणाला, साहेब स्वतः पोस्टात टाकून आले. पाय मोकळे करायला निघाले असतील.

२० जानेवारी, रविवार

दिवसभर घरी, निगडीला. आबा ओट्यावर बसून समोरच्या प्लॉटांकडे बघत होते. ते प्लॉट म्हणजे आमचं शेत. प्राधिकरणानं घेतलं, आखणीचे दगड रोवले, अजून वीट एक चढलेली नाही. बैल विकून टाकले, पण आबांच्या अंगातला बाजार गेलेला नाही. चाकणच्या शनिवारच्या बाजारात अर्जुनरावांनी केलेला सौदा म्हणजे दगडावरची रेघ, असा एके काळी लौकिक होता.

आज मी त्यांना सौद्याच्या खुणा विचारल्या. स्वारी एकदम खुलली. माझा हात हातात घेतला, वर आपलं उपरणं टाकलं आणि बोटं दाबून दाखवू लागले. एक बोट धरलं तर काय, चार धरली तर काय, पंजा आवळला तर काय. भाव तोंडानं बोलायचा नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळता कामा नये. घेणारा आणि देणारा, दोघांच्या बोटांत सौदा.

"आन् मग जमलं की उपरणं झटकायचं. येड्यावानी शिकतोस, अंगटा मदी घालू नगंस!"

आई आतून म्हणाली, "बापलेकांचं हात धरून बसणं झालं असंल तर जेवायला चला."

जेवताना मी सोजरबाईची गोष्ट सांगितली. ती म्हैस स्वतः आणील, स्वतः भाव करील, असं म्हटल्यावर आबांचा घास थांबला.

"ती कशी करंल? त्यांचा सौदा मदला माणूस करतो. पयल्यापासून."

"बाई आहे म्हणून?"

आबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी पीत राहिले. जुन्या माणसांना बाईनं बाजारात बोललेलं आवडत नाही, दुसरं काय. ते दिवस गेले आता.

४ फेब्रुवारी, सोमवार

आलं! पुण्याहून मंजुरीचं पत्र आलं! मी टेबलावर अशी थाप मारली, की कॅशिअरच्या नोटांची चळत कलंडली.

प्रयोग म्हणून तीन कर्जदारांना रोख रक्कम द्यावी, असं म्हटलंय. अट एक. फेब्रुवारीअखेर जनावर खरेदी झालं पाहिजे. न झाल्यास रक्कम परत घ्यावी, प्रयोग फसला असं समजावं आणि जुनीच पद्धत सगळ्या शाखांत कायम ठेवावी. जबाबदारी व्यक्तिशः माझी.

असू दे. जबाबदारीला कोण भितो?

दुपारी सोजरबाई, गोजाबाई आणि कस्तुराबाई आल्या. तिघी एकाच वस्तीतल्या. कॅशिअरनं नोटा पुढे सरकवल्या, तेव्हा कस्तुराबाईनं आधी हात पदराला पुसले. सोजरबाईनं मात्र नोटा घेतल्या आणि मला म्हणाली, "आता बगा. बँक दूध पील आमच्या हातचं."

नानासाहेब केबिनच्या दारात उभे राहून सगळं पाहत होते. मी त्यांच्याकडे मुद्दाम छाती काढून पाहिलं. आजपासून या भागातलं कर्ज बदललं, हे त्यांनाही कळू दे.

९ फेब्रुवारी, शनिवार

डोकं तापलंय. क्रमानं लिहितो.

बाजार फुल्ल होता. सोजरबाईनं दोन-तीन ओळी पालथ्या घातल्या, दातांत, कासेत, खुरांत बघत बघत, आणि कोंडाजी व्यापाऱ्याच्या एका काळ्याभोर म्हशीपाशी थांबली. कास चारी अंगांनी भरलेली, खाली रेडकू. "हीच," म्हणाली.

कोंडाजीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. लांब चहा पीत असलेल्या चिमाजीरावांकडे पाहिलं. ते कप ठेवून हसत हसत निघाले. म्हणजे पुन्हा तेच! पैसे तिच्या पदरात आहेत, निवड तिची आहे आणि भाव हा माणूस करणार!

बाई म्हणून आडकाठी असेल तर मी आहे ना. मी सरळ पुढे झालो आणि हात पुढे केला. कोंडाजीनं विचारलं, "कुनाचा रं तू?"

"निगडीच्या अर्जुनरावांचा."

"आरं तिच्या! मग आदी सांगायचं का न्हाई?" त्यानं क्षणात माझा हात धरला, वर उपरणं पडलं. बोटं दाबली गेली. मी कमी केलं, त्यानं वाढवलं. आबांची शिकवण कामाला आली. शेवटी मी उपरणं झटकलं आणि सोजरबाईच्या कानात आकडा सांगितला. चिमाजीरावांनी केला असता त्यापेक्षा कितीतरी कमी. चिमाजीरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला वाटलं, आता बाई दोन्ही हातांनी दावं धरील.

ती म्हणाली, "मला न्हाई घ्यायची."

"का? म्हशीत खोट आहे?"

"म्हशीत न्हाई."

आणि तिघी चालू पडल्या. भर बाजारात! कोंडाजी मला म्हणाला, "जमलेला सौदा मोडला तुमी. अर्जुनरावाचं नाव हाय म्हणून सोडतो." मी तिथं खुंट्यासारखा उभा. एवढं भांडलो पुण्याशी, एवढा तापलो नानासाहेबांवर, ते हिच्यासाठीच ना? उपकाराची जाण म्हणून काही असते की नाही?

११ फेब्रुवारी, सोमवार

काल संध्याकाळी वस्तीवर गेलो. भांडायलाच गेलो होतो.

सोजरबाई गवताचे भारे बांधत होती. बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला. मी चहाला हात न लावता विचारलं, "काय चुकलं माझं?"

"उपरण्याखाली तुमी किती बोटं दाबली ते म्या बगितलं?"

"मी सांगितलं की तुम्हाला आकडा."

"चिमाजीबी सांगतोय." तिनं भारा गुडघ्यानं दाबला. "साहेब, तुमी खोटं न्हाई बोलणार. पर म्या कसं मानायचं? माजा पैका, माजी म्हस, आन् भाव तुमच्या हातात. मदला माणूस बदलला, येवडंच झालं. आदीचा मिश्या ठिवत हुता, ह्यो चष्मा घालतो."

हे लागलं. रात्री जेवलो नाही.

आज डोकं थंड आहे आणि मार्गही सुचला आहे. अडचण बाई असण्याची आहे. भिवानं एका शनिवारची रजा टाकावी आणि बायकोसाठी स्वतः सौदा करावा. नवऱ्यावर तर तिचा विश्वास आहे! निरोप धाडला. सोजरबाईचं उलट उत्तर आलं, 'इतका तुमचा हट्टच हाय तर येतील. बगा मग डोळ्यांनी.' यात बघायचं काय आहे, मला कळलं नाही.

आणखी एक. चिमाजीरावांनी माझ्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज दिलाय म्हणे, पुण्याला धाडण्यासाठी. मी नानासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अर्ज आला होता खरा. कुठं ठेवला आठवत नाही." टेबलावर तर एक कागद इकडचा तिकडे नसतो. म्हातारा विसरभोळा होत चाललाय.

१६ फेब्रुवारी, शनिवार

भिवा आला. कंपनीचा खाकी शर्ट, केसांना तेल. ओव्हरटाइम बुडवून आला होता. तीच म्हैस, तोच कोंडाजी. त्या म्हशीला अजून मनासारखं गिऱ्हाईक मिळालेलं नव्हतं. भिवा पुढे झाला आणि त्यानं हात पुढे केला.

कोंडाजीचा हात उपरण्यातून बाहेर आला नाही.

मी वाट पाहिली. भिवाही वाट पाहत उभा, हात तसाच उघड्यावर. कोंडाजी त्याच्या हाताच्या वरून बघत म्हणाला, "चिमाजीला बोलवा की. तुमचा सौदा तो करतो. रीत हाय." आवाजात राग नव्हता. पावसापाण्याचं बोलावं तसं बोलला.

भिवानं हात खाली घेतला, खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं साहेब? जाऊ मी? दुसऱ्या शिफ्टला तरी पोचतो."

गेल्या शनिवारी माझा हात कोंडाजीनं क्षणात धरला होता. कुणाचा मुलगा एवढंच विचारून.

बोटांनी बोलायचं म्हणजे हाताला हात लागणार. ज्यांच्या हाताला हात लावायचा नाही, त्यांना भाव करता येत नाही. म्हणून मधला माणूस. पहिल्यापासून. इतकं उघड होतं. वस्तीतल्या पोरांना हे कळतं. मी मात्र कॉलेजात समतेवर भाषण ठोकून ढाल मिळवलेली आहे, तेव्हा मला कसं कळणार!

रोख रकमेचं टिपण लिहिताना मला वाटलं होतं, की अडसर म्हणजे कोटेशनचा कागद. कागद काढला, आता रस्ता मोकळा. बँकेनं पैसे हातात दिले, पण तो हात धरायला बाजार तयार नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आबांशी भांडलो.

"तुम्हाला माहीत होतं."

"समद्यांनाच म्हाईत हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? तू हितलाच न्हाईस का?"

"तुम्ही कधी धरलात का त्यांच्यातल्या कुणाचा हात? एवढी वर्षं बाजार केलात."

आबा उठले आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. आई म्हणाली, "बापाला असं इचारत्यात का रे?" मी म्हटलं, मग कुणाला विचारू? दिवसभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मला वाईट वाटतंय, पण शब्द मागे घेणार नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

पुण्याहून फोन. 'तीन जनावरांचं काय झालं?' मी म्हटलं, होतंय. 'महिनाअखेर आठवडाभरावर आली. रक्कम परत घेण्याची तयारी ठेवा.' फोन ठेवताना पलीकडचा माणूस दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, "सांगितलं नव्हतं? यांच्या हातात पैसे देऊन उपयोग नसतो." त्यानं तोंड रिसीव्हरपासून लांब नेलं नव्हतं. मुद्दामच असेल.

चिमाजीराव दुपारी टेबलाशी आले. आज हसत नव्हते. "मी करून देतो सौदा. दलाली बी घेत न्हाई ह्या वक्ताला. तुजा परयोग तरून जाईल, बायांना म्हशी मिळतील. तुला काय पायजे आनखी?"

खरं लिहायचं तर मी डगमगलो. तीन म्हशी गोठ्यात उभ्या राहिल्या, तर सगळ्या शाखांत रोख रक्कम सुरू होईल. शेकडो बायांना फायदा होईल. एक शनिवार मान खाली घातली तर काय बिघडतं? नानासाहेबांना विचारलं. त्यांना हो म्हणायची भलतीच हौस असेल असं वाटलं होतं. ते चष्मा काढून म्हणाले, "माझं ऐकाल तर हो म्हणा. मी आयुष्यभर हो म्हणत आलो. बघा माझ्याकडे." एवढं बोलून पुन्हा कागदात डोकं घातलं. उपदेश करतानाही स्वतःची बढाई मारायची सवय जात नाही.

संध्याकाळी वस्तीवर जाऊन चिमाजीरावांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. माझं मत सांगितलं नाही. मला मत उरलंच नव्हतं.

गोजाबाई म्हणाली, "मंजी बुडालं म्हणा."

कस्तुराबाई म्हणाली, "पैका देऊन टाकू माघारी. अपमान तर वाचंल."

सोजरबाई एकदम उसळली. "अपमान आपला न्हाई झाला. हात त्यानं लपवला, आपुन न्हाई. आपल्याला काय त्याच्या हाताचं नवस हायती व्हय गं? नगं धरू हात! त्वांड हाय का न्हाई आपल्याला? कोथिंबिरीची जुडी इकताना वरडतोच की आपुन. म्हशीचा भाव बी वरडून करू."

"बाजारात भाव कुणी बोलत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच."

२३ फेब्रुवारी, शनिवार

झोप येतेय, पण लिहितोच.

तिघी सकाळी बाजार भरायच्या वेळेलाच आल्या. तिघींच्या डोक्यावर पदर, पाठीमागे वस्तीतल्या आणखी पंधरा-वीस बाया. सोजरबाई कोंडाजीच्या त्याच, अजून न विकलेल्या म्हशीपुढे जाऊन उभी राहिली. गोजाबाई आणि कस्तुराबाई त्याच ओळीत दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांपुढे. सोजरबाईनं पदरातून नोटांची पुरचुंडी काढली, हात वर केला आणि मोठ्यानं ओरडली,

"ह्या म्हशीला सतराशे! रोख! बोला!"

सगळ्या ओळीत हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "भाजी मंडई तिकडं हाय गं!" कोंडाजीनं मान फिरवली. सोजरबाईनं पुन्हा तेच ओरडून सांगितलं. पलीकडून गोजाबाई, तिच्या पलीकडून कस्तुराबाई. कस्तुराबाईचा आवाज आधी फुटेना. नंतर इतका चढला, की बैल कान टवकारू लागले.

"बाजूला व्हा," कोंडाजी म्हणाला. "गिऱ्हाईक येऊ द्या."

"मी कोन मग? पावणी?"

गिऱ्हाइकं येत होती. एकानं उपरण्याखाली कोंडाजीचा हात धरला, आणि त्याच वेळी सोजरबाई ओरडली, "सतराशे!" तो माणूस थांबला. बोटांनी त्याला बराच मोठा आकडा सांगितला गेला असणार, कारण त्यानं कोंडाजीकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि हात काढून घेतला. दुसरा आला, त्याचंही तेच. उघड्यावर पडलेला एक भाव सगळ्यांच्या कानात, कोंडाजी तो खोटा आहे असंही म्हणेना, मग त्याला ओलांडून जास्त द्यायला कोण तयार होणार?

ऊन चढलं. बाजाराला आणताना व्यापारी म्हशीचं दूध काढत नाहीत, कास भरलेली दिसावी म्हणून. आता ती कास तटतटली होती. म्हैस पाय आपटत होती, रेडकू लांब बांधलेलं, हंबरून हंबरून त्याचा घसा बसला. कोंडाजी एकदा म्हशीकडे बघे, एकदा चिमाजीरावांकडे. चिमाजीराव येऊन सोजरबाईला खालच्या आवाजात म्हणाले, "हट्ट सोड. मी हाय ना."

"तुमी हाईत म्हणून तर वरडायला लागतंय."

मला गर्दीत नानासाहेब दिसले! हातात छत्री, पिशवीत चार कांदे. शनिवारी दुपारी पुण्याची गाडी गाठणारा माणूस, आज बाजारात! माझ्यावर नजर ठेवायला पुण्यानं पाठवलं असणार. असू दे म्हटलं, बघा आणि कळवा.

आणि मग जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. एक म्हातारा शेतकरी, पटकेवाला, कोंडाजीच्याच दुसऱ्या म्हशीचा भाव करत होता. उपरण्याखाली हात होता त्याचा. त्यानं तो बाहेर काढला.

"कोंडाजी, मागल्या महिन्यात मला हिच्याच जोडीची म्हस इकलीस. कितीला बसली ते मलाच ठावं. ही बाई सतराशे म्हणती आन् तू तिला खोटं म्हणंना झालास. मग मला किती लुटलास रं?"

"आरं, तसं न्हाई–"

"त्वांडानं बोल. मला बी त्वांडानं सांग."

मागून दुसरा ओरडला, "मला बी!" ओळीभर तेच सुरू झालं. ज्यांचे हात व्यापाऱ्यांनी आयुष्यभर धरले, त्या माणसांना आज पहिल्यांदा प्रश्न पडला, की शेजारच्याला कितीला मिळाली? हसणं बंद झालं होतं. चिमाजीराव "बाजार नासवला, बाजार नासवला" म्हणत मागे सरकले.

कोंडाजीनं खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. मग खाली बघत म्हणाला, "अठराशे."

"ऐकू न्हाई आलं."

"अठराशे!"

"साडेसतरा."

"घे," कोंडाजी म्हणाला.

मी तिथंच ओरडलो. काय ओरडलो, आठवत नाही. आता लिहवत नाही, डोळे मिटताहेत.

२५ फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही म्हशी वस्तीत उभ्या आहेत; गोजाबाई-कस्तुराबाईंचे सौदेही असेच ओरडून झाले. पुण्याला अहवाल पाठवायला बसलो.

नानासाहेबांनी विचारलं, "भाव लेखी घेतलात का?"

"नाही. पण सगळ्या बाजारानं ऐकला."

मला वाटलं, आता नियम काढतील. त्यांनी माझा अहवाल ओढून घेतला, खाली आपल्या हातानं 'जोरदार शिफारस' असं लिहिलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते म्हणाले, "काय बघता? शनिवारी कांदे स्वस्त मिळाले." या माणसाचं मला काही कळत नाही.

आबांनी रात्री विचारलं, "कितीला झाला सौदा?" इतक्या दिवसांनी बोलले. मी आकडा सांगितला. "बराबर हाय," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. मी शेजारी जाऊन बसलो. ते सरकले नाहीत.

शनिवारचं एक लिहायचं राहिलं. अहवालात ते बसत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

'घे' म्हटल्यावर सोजरबाईनं नोटा पुढे केल्या. कोंडाजीनं खालचं पोतं पुढे सरकवलं, म्हणजे पैसे पोत्यावर ठेव. आणि म्हशीचं दावं सोडून तिच्या पायांपाशी जमिनीवर टाकलं, म्हणजे उचल आणि जा. हीही रीतच असणार. गर्दी पांगू लागली होती, सौदा संपला होता. म्हैस एवढी कळवळत होती, की मीच वाकून दावं उचलणार होतो.

"साहेब, हात लावू नगा," सोजरबाई म्हणाली.

पैसे मुठीत धरून ती तशीच उभी राहिली. उन्हात, घामानं निथळत, घसा पार बसलेला. कोंडाजी म्हणाला, "आता काय ऱ्हायलं?"

"दावं खाली पडलंय तुजं."

"उचल की मग."

"म्या न्हाई टाकलं."

पांगणारी माणसं पुन्हा थांबली. रेडकू तेवढं ओरडत होतं. कोंडाजीनं चिमाजीरावांना शोधलं, ते नव्हते. त्या पटकेवाल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, तो टक लावून बघत होता. माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे बांधले.

कोंडाजी वाकला. त्यानं दावं उचललं, त्याची धूळ झटकली आणि सोजरबाईच्या पुढे केलेल्या उघड्या हातावर ठेवलं. तिनं लगेच मूठ मिटली नाही. त्याच तळहातावर दुसऱ्या हातानं नोटा ठेवल्या आणि म्हणाली, "मोजून घे. हितनंच."

त्यानं तिच्या हातावरून एकेक नोट उचलून मोजून घेतली.

मग ती म्हैस घेऊन गेली.